सांगली जिल्ह्यात ड्रोनचा धंदा: यंत्र घेण्याआधी धंद्याचं मॉडेल कसं ठरवायचं

"कोणता ड्रोन घेऊ?" असं विचारणारी पोरं आता वाळव्यात भेटतात, पलूसला भेटतात, विट्यात आणि जतलाही भेटतात. कुणी डिप्लोमा केलेला असतो, कुणी कृषी पदवीधर, कुणाच्या घरी ट्रॅक्टर भाड्यानं द्यायचा धंदा आधीपासून चालू. बहुतेकांकडं कंपनीचं रंगीत माहितीपत्रक असतं आणि त्यावर 'दिवसाला ३० एकर फवारणी' असं ठळक छापलेलं असतं.

खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुमच्या घरापासून २०-२५ किलोमीटरच्या आत वर्षातले किती दिवस कुणाला तुमची गरज लागणार. आणि दुसरा, पैसे कोण देणार आणि कधी देणार. ड्रोनच्या धंद्यात तोटा येतो तो यंत्र पडून राहिलेल्या दिवसांमुळं आणि अडकलेल्या उधारीमुळं. मोटारीची ताकद, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल हे सगळं त्यानंतर. खाली दिलेला क्रम सांगली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. कराड-पाटणच्या वाचकांनाही बराचसा लागू पडेल.

पायरी १: तालुक्याचा बारमाही तक्ता करा

कागदावर आडवे बारा महिने आणि उभी पिकं लिहा. जिल्हा एकच असला तरी तालुक्यागणिक हा तक्ता पार बदलतो.

वाळवा, पलूस आणि मिरजेचा पश्चिम भाग म्हणजे ऊस, सोयाबीन, हळद. तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरज पूर्व म्हणजे द्राक्ष. जत-आटपाडीकडं डाळिंब, तूर, बाजरी, मका, आणि टेंभू-म्हैसाळचं पाणी पोचलं तिथं आता ऊससुद्धा. शिराळ्यात भात आणि डोंगर. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल सुरू होतं, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढायचाच नाही.

उसाचा तक्ता नीट भरा, कारण फवारणीचा धंदा त्याच्यावरच उभा राहणार आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, शिवाय खोडवे. म्हणजे पावसाळ्यात शेतात वेगवेगळ्या वयाचा पण बहुतेक सगळा उंच झालेला ऊस उभा असतो. जुलै ते ऑक्टोबर हा भर. सोयाबीनची फवारणीही त्याच काळात येते आणि हळदीवरचा करपा सप्टेंबर-ऑक्टोबरला. नोव्हेंबरनंतर काम पातळ होतं आणि फेब्रुवारी ते मे तर हाताशी फारच थोडं उरतं. तक्त्यात हे चार-पाच महिने मोकळे दिसले की घाबरू नका, पण ते मोकळे आहेत हे विसरूही नका.

आता भराच्या महिन्यांतून पाऊस आणि वारा वजा करा. फवारणी होते ती सकाळी दव ओसरल्यापासून साधारण दहा-साडेदहापर्यंत, आणि मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर वारा गेला की औषध शेजारच्या रानात जातं. आषाढातल्या कित्येक दिवसांत ड्रोन पेटीतनं बाहेरही निघत नाही.

पायरी २: उसाची फवारणी का, आणि द्राक्षाची का नाही

उसाची मोठी बांधणी (बुंध्याला मातीची भर) झाली की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणं म्हणजे शिक्षा. पाल्यानं अंग कापतं, वरचं पान हाताला येत नाही आणि गडी एक तर मिळत नाही, मिळाला तर अर्ध्यावर सोडून जातो. नेमक्या याच वयात तांबेरा येतो, पावसाळ्यात पोक्का बोईंग हा शेंड्याचा बुरशीजन्य रोग येतो. लोकरी मावा तर जुन्या शेतकऱ्यांना विसरता येणार नाही, २००२ साली महाराष्ट्रात तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो याच जिल्ह्यात. वरून पानावर पडायला हवं असं औषध किंवा विद्राव्य खत, आणि आत शिरायला माणूस नाही, हा पेच ड्रोन सोडवतो. १० लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होतो. हातपंपाला त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं.

पण उसाचं प्रत्येक दुखणं ड्रोनचं नाही. हुमणी मुळाशी असते, तिला आळवणीच, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणंच, लागतं. लहान उसातल्या खोडकिड्याला वरून फवारून फार काही साधत नाही. शेतकऱ्यानं "हुमणीला मारून द्या" म्हटलं तर सरळ नाही म्हणा. पाचशे रुपयांसाठी मारलेल्या निकामी फवारणीची बदनामी गावात वर्षभर पुरते.

आता द्राक्ष. तासगाव भागातला नवखा माणूस हमखास इथं फसतो, कारण सगळ्यात जास्त फवारण्या आणि सगळ्यात जास्त पैसा द्राक्षातच दिसतो. ते दिसतं ते खरंच आहे. पण बागायतदाराच्या दारात स्वतःचा ट्रॅक्टर आणि ब्लोअर उभा असतो. गोडी छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी (केवडा) रोगासाठी त्याला रात्री-पहाटे, काही तासांच्या आत फवारावं लागतं. तो तुमच्याकडं आपला नंबर लागायची वाट बघत बसणार नाही. दुसरं, डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूला वाढते आणि ड्रोनचं औषध वरून पडतं. मांडवाची छत्री दाट झाल्यावर एकरी १० लिटरमध्ये पानाची खालची बाजू आणि घड भिजवणं अवघड आहे. डाळिंबाच्या आतल्या फांद्यांचंही तेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आजच्या यंत्रांवर द्राक्षफवारणीचं मॉडेल उभं करू नका.

द्राक्ष मात्र तुम्हाला सोडणार नाही. ऊस आणि बाग यांचा बांध एकच असतो. २,४-डी सारखं तणनाशक उसात मारताना वाऱ्यानं बागेकडं गेलं तर वेलीची पानं पंख्यासारखी आकसतात आणि हंगाम जातो. शेजारची बाग युरोपला माल पाठवणारी असेल तर आणखी वेगळं संकट. तुमच्या कीटकनाशकाचा अंश त्या द्राक्षात सापडला तर त्याचा कंटेनर अडतो. तेव्हा नियमच करून टाका: ड्रोननं तणनाशक मारायचं नाही, आणि बागेच्या बाजूचे काही पट्टे वारा उलटा असल्याशिवाय करायचे नाहीत. तुतीची लागवड, मधपेट्या, शेततळ्यातले मासे, यांचीही आधी चौकशी करा. वर्षभराचा नफा एका भरपाईत जातो.

पायरी ३: एकेका शेतकऱ्याला विकू नका, गट धरा

आपल्याकडं जमीन गुंठ्यांत वाटलेली. इथं ३० गुंठे, मग ओढा ओलांडून सव्वा एकर, मग दोन किलोमीटरवर पाऊण एकर. प्रत्येक ठिकाणी गाडी लावा, पाणी आणा, हद्द आखा, तारा बघा, उडवा, आवरा. खुद्द उड्डाण सात-आठ मिनिटांचं आणि मांडामांड अर्ध्या तासाची. माहितीपत्रकातले ३० एकर इथंच विरघळतात. सलग शिवार मिळालं तर दिवसाला २०-२५ एकर होतात. सुटं काम घेतलं तर दहा-बारा झाले तरी पुष्कळ.

त्यामुळं विकायचं ते शिवाराला. त्याचे तीन दरवाजे आहेत.

साखर कारखान्याचा शेती विभाग हा सगळ्यात मोठा. प्रत्येक गटात त्यांचा माणूस असतो, कुणाची लागण कोणत्या तारखेची हे त्याच्या वहीत असतं, आणि फवारणीचे पैसे ऊसबिलातून कापून देण्याची सोय बसली तर उधारीचा प्रश्नच मिटतो. कारखान्याशी लेखी ठरवताना मात्र कापलेले पैसे तुम्हाला किती दिवसांत मिळणार हे कागदावर घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात तुमचा कारखाना किती दिवस लावतो ते गावात कुणालाही विचारा. तो आकडा तुमच्या खेळत्या भांडवलाचा आकडा आहे. जुलैत फवारलेल्याचे पैसे उसाच्या तोडीनंतर येणार असतील तर मधले पाच-सहा महिने डिझेल आणि पगार कशातून द्यायचा, हे आधी ठरवायला हवं.

दुसरा दरवाजा गावातलं कृषी सेवा केंद्र. औषध तिथला दुकानदारच देतो, शेतकरी त्याचंच ऐकतो, उधारीही त्याच्याच वहीत असते. एकरामागं काही रुपये त्याला द्या, नोंदणी आणि वसुली त्याच्याकडं ठेवा. तुम्ही स्वतः औषध विकायच्या भानगडीत पडू नका, त्याला वेगळा परवाना लागतो आणि दुकानदार तुमचा शत्रू होतो.

तिसरा म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी किंवा विकास सोसायटी. इथं निर्णय सावकाश होतात, पण एकदा ठराव झाला की सलग क्षेत्र मिळतं.

कोणत्याही दरवाजानं जा, दर ठरवताना किमान क्षेत्राची अट घाला. एका जागी पाच एकरांच्या आत असेल तर दर जास्त, पंधरा एकर सलग असेल तर कमी. शेतकऱ्यांना हे पटतं, कारण ट्रॅक्टरवालाही असंच करतो. मग तेच एकमेकांना गोळा करून आणतात.

पायरी ४: हिशेब, बॅटरीसकट

आता खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे भाव टाकून पुन्हा मांडा. धरू या की १० लिटरचा टाइप सर्टिफिकेटवाला (त्या मॉडेलला सरकारी मान्यता असलेला) ड्रोन, चार बॅटरी संच, चार्जर, जनरेटर, प्रशिक्षण असं मिळून ८ लाख लागले. त्यातले २ लाख बॅटऱ्यांचे. दर एकरी ५००. वर्षात ११० कामाचे दिवस, दिवसाला १८ एकर. म्हणजे ढोबळमानानं २,००० एकर आणि १० लाखांची जमा.

खर्चात पहिला आकडा बॅटरीचा लिहा, कारण लोक तोच विसरतात. संच ५०,००० चा, त्याचं आयुष्य २५० चार्जिंगचं धरलं तर एका चार्जला २०० रुपये. एका चार्जमध्ये सव्वा एकर होतो. म्हणजे एकरी १६० रुपये नुसती बॅटरी खाते. २,००० एकरांना ३ लाख २० हजार.

पायलटचा पगार महिना २० हजारांनी २ लाख ४० हजार. तुम्हीच पायलट असलात तरी हा पगार लिहायचाच, नाहीतर स्वतःच्या मजुरीला नफा समजून बसाल. मदतनीस रोज ७०० नं ७७ हजार. गाडी आणि जनरेटरचं डिझेल एकरी ६० नं १ लाख २० हजार. प्रोपेलर, नोझल, पंप, एखादी पडझड मिळून ६० हजार. विमा ३० हजार. दुकानदाराचे एकरी २५ नं ५० हजार. बेरीज जवळजवळ ९ लाख. हाताशी राहिले लाखभर. आता बॅटऱ्या सोडून उरलेल्या ६ लाखांच्या यंत्राची झीज चार वर्षांत वाटली तर वर्षाला दीड लाख. झाला तोटा, पन्नास हजारांच्या आसपास. कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही.

आता हेच सलग शिवारात करा. दिवसाला २४ एकर, १२५ दिवस, ३,००० एकर, जमा १५ लाख. बॅटरी ४ लाख ८० हजारांवर जाते, पण पायलटचा पगार तोच राहतो, विमा तोच राहतो, डिझेल एकरी ४५ वर येतं. दुरुस्ती ८० हजार आणि दुकानदाराचे ७५ हजार धरले तरी एकूण खर्च सव्वा अकरा लाखांच्या आसपास. झीज काढून सव्वादोन लाख उरतात, आणि पायलट तुम्हीच असाल तर पगार वेगळा. ड्रोन तोच, दर तोच.

एक गोष्ट इथं लक्षात येते. दर पाचशेवरून चारशेवर आणून काम वाढवायचा मोह होतो. ३,००० एकरांवर शंभर रुपये कमी केले की ३ लाख गेले. म्हणजे नफा संपून पगारातही घट.

बॅटरीचं आयुष्य वाढवणं हा सगळ्यात स्वस्त नफा आहे. गरम बॅटरी लगेच चार्जला लावायची नाही, अगदी शेवटच्या टक्क्यापर्यंत उडवायचं नाही, उन्हात गाडीच्या टपावर ठेवायची नाही. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड जागी ठेवा आणि महिन्याला एकदा तपासा. शेतातली थ्री-फेज लाईट पाळीनं येते, त्यामुळं तिच्यावर चार्जिंगचा भरवसा ठेवू नका, जनरेटर लागणारच.

पायरी ५: मोकळे महिने कशानं भरायचे

डिसेंबर ते मे या काळासाठी दुसरं काम हवं, आणि ते वेगळ्या ड्रोनचं असतं. फवारणीचा अवजड ड्रोन नकाशे काढत नाही. तुमच्या पायलट प्रमाणपत्रावरचा वर्ग दुसऱ्या यंत्राला चालतो का तेही आधी पाहा.

सर्व्हेचं काम कोरड्या दिवसांतलं. रस्त्याचे ठेकेदार, कालव्याची आणि पाइपलाइनची कामं, खडी क्रशरवाल्यांच्या ढिगाची आणि खाणीची घनफळ मोजणी, एनए (बिगरशेती) प्लॉटचे आर्किटेक्ट, सौर प्रकल्पांसाठी समोच्च रेषांचे (कंटूर) नकाशे. यात भांडवल ड्रोनपेक्षा इतर गोष्टींत जातं: आरटीके किंवा पीपीके (जागा अगदी अचूक नोंदवणारी सोय) असलेलं यंत्र, जमिनीवरचे बिंदू घ्यायला जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणारं उपकरण), तगडा संगणक आणि प्रक्रियेचं सॉफ्टवेअर. शिवाय सिव्हिलचं ज्ञान असलेला माणूस. उडवणं दहावीच्या पोरालाही येतं. ठेकेदार पैसे देतो ते त्याच्या इंजिनिअरनं मान्य केलेल्या कंटूर नकाशाचे आणि घनफळाचे. ते काढता येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याशी भागी करा.

एक सावधगिरी. शेतकरी तुमच्याकडं बांधाच्या भांडणासाठी येईल, "ड्रोननं मोजून द्या" म्हणेल. हद्दीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख कार्यालयच करतं. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनमोजणी झाली तीही शासनाच्या यंत्रणेनं केली. तुमचा नकाशा कितीही अचूक असला तरी वादात तो मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दीचा अधिकृत नकाशा, होत नाही, आणि दोन भावांच्या मध्ये तुम्ही उभे राहता.

सौर प्रकल्पांची थर्मल तपासणी जत-आटपाडी-कवठेमहांकाळ पट्ट्यात वाढत जाणारं काम आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळं उपकेंद्रांजवळ लहान प्रकल्प उभे राहतायत. पॅनेलचा जास्त गरम झालेला भाग, पॅनेलची बंद पडलेली ओळ थर्मल कॅमेऱ्यात लगेच दिसते. ही तपासणी भरपूर ऊन असताना करावी लागते, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं किमान ६०० वॅट प्रति चौरस मीटर. आपल्या भागातला उन्हाळा त्यासाठी पुरेपूर आहे. यात अडचण ओळखीची: देखभालीचा ठेका मोठ्या कंपनीकडं असतो आणि तुम्ही पोटठेकेदार म्हणून शिरता. पैसे उशिरा येतात, पण बुडत सहसा नाहीत.

पवनचक्क्यांचंही तसंच. ढालगाव परिसर असो की पाटणचं वनकुसवडे पठार, वाऱ्याचा हंगाम पावसाळ्याचा असल्यानं पात्यांची तपासणी इतर महिन्यांत उरकतात. म्हणजे फवारणी थंडावते तेव्हाच हे काम निघतं. जोडी म्हणून कागदावर सुंदर, पण पहिल्या वर्षी हे मिळेल असं धरून हप्ते ठरवू नका. फोटो काढणं सोपं असतं, पात्यावरची भेग आणि डाग यातला फरक अहवालात लिहिता यायला हवा.

पायरी ६: बाकीची मॉडेलं थोडक्यात

लग्न, जत्रा, बैलगाडा शर्यती यांची शूटिंग: गर्दी खूप, दर पडलेले. फोटोग्राफरच्या पॅकेजमध्ये ड्रोन फुकट जातो. आधीपासून स्टुडिओ असेल तर ठेवा, नुसत्या ड्रोनवर संसार नको. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळं बाजारातलं कुठलंही पेटीतलं यंत्र उचलायच्या आधी कागद मागा. जत्रेच्या गर्दीवरून उडवणं तर सरळ अंगाशी येणारं आहे.

प्रशिक्षण संस्था आणि ड्रोननिर्मिती ही दोन्ही मोठ्या भांडवलाची कामं. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

दुरुस्ती केंद्र मात्र मला दुर्लक्षित वाटतं. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांकडं आणि अनुदानातून अवजारं भाड्यानं देणाऱ्या अवजार बँकांकडं यंत्रं आली. हंगामात एखादं विजेच्या तारेला लागलं की ते पुण्या-चेन्नईला पाठवून पंधरा दिवस वाट बघायची. पंधरा दिवस म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्सची हातोटी असलेली माणसं आहेत. एखाद्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर घेऊन मोटार, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा भाग), पंप, नोझल, अंशशोधन (कॅलिब्रेशन) इतकं जरी केलं तरी लहान भांडवलात बरं चालेल. मूळ रचनेत स्वतःच्या मनानं बदल करू नका, टाइप सर्टिफिकेट त्या रचनेचं असतं. आजूबाजूच्या तीन-चार तालुक्यांत मिळून किती ड्रोन आहेत ते मोजा, मग दुकान उघडा.

पायरी ७: कागद

ड्रोन नियम २०२१ हे मूळ. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. फवारणीचे बहुतेक ड्रोन स्मॉलमध्ये बसतात. धंद्यासाठी लागतं: टाइप सर्टिफिकेट असलेलं यंत्र, त्याची नोंदणी आणि ओळख क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र, तृतीय पक्ष विमा. पायलट दहावी पास आणि १८ ते ६५ वयाचा हवा, प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) मान्यतेच्या संस्थेतच शिका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही अशी सोय आहे. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत.

सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट. सांगली जिल्ह्याचा बहुतेक भाग कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून लांब आहे, पण कराडच्या विमानतळाकडं, कोयना धरणाकडं काम घेणाऱ्यांनी हा नकाशा त्या दिवशीचा बघायचाच. जिल्हाधिकारी मधेच बंदीचा आदेशही काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा आला, त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला. म्हणजे हे क्षेत्र हलतं आहे, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्रीच्या ड्रोननं लोकांची झोप उडवली होती. तेव्हापासून गावात ड्रोन दिसला की पहिली शंका चोराची येते. आदल्या दिवशी पोलीस पाटील आणि सरपंचांना फोन करा, गाडीवर फलक लावा. फुकटची जाहिरातही होते.

फवारताना औषधाच्या लेबलाचा आणि कृषी मंत्रालयाच्या ड्रोनफवारणी कार्यपद्धतीचा ताळमेळ बघा. कोणतं औषध, किती मात्रा, कुणी आणलं, वारा कसा होता, हे शेतकऱ्याच्या सहीसकट वहीत लिहा. भरपाईची वेळ आली तर ती वहीच तुमचा साक्षीदार.

अनुदान: कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजार बँकेला ४० टक्के, कमाल ४ लाख, आणि कृषी पदवीधरानं काढलेल्या केंद्राला ५० टक्के, कमाल ५ लाख अशी रचना आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती हातात पडण्याआधी ड्रोन विकत घेतला तर अनुदान गेलं, हे विक्रेता सांगेलच असं नाही. महिला बचत गटांना ड्रोन दीदीत ८० टक्के, कमाल ८ लाख मिळतात. त्यांच्याशी दराची स्पर्धा करू नका, तुमच्या झिजेचा आकडा त्यांच्या पाचपट आहे. उलट गावातल्या दीदीला काम मिळवून द्या, तिचं यंत्र दुरुस्त करा, भराच्या दिवसांत तिचा ड्रोन तुमच्या शिवारात लावा.

आणि पायरी ४ चा हिशेब एकदा अनुदान शून्य धरून करा. २,००० एकरांचं मॉडेल अनुदानावर दोन-तीन वर्षं तग धरतं, नंतर नवा ड्रोन घ्यायची वेळ येते तेव्हा पैसे नसतात.

पायरी ८: घेण्याआधी एक महिना दुसऱ्याच्या ड्रोनवर

ऑगस्ट किंवा सप्टेंबर निवडा. ज्याच्याकडं ड्रोन आहे त्याला पायलटसकट एकराच्या दरानं लावा, शिवार तुम्ही गोळा करा. त्या महिन्यात तुम्हाला कमाई जवळजवळ काही नाही, पण वहीत हे उतरवा: दिवसाला खरे एकर किती झाले, दोन शेतांमध्ये किती वेळ गेला, पाऊस-वाऱ्यानं किती दिवस गेले, किती पैसे रोख आले, किती अजून बाकी आहेत, आणि किती शेतकऱ्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं.

सलग शिवारात दिवसाला २० एकरांच्या वर जात असाल, महिनाभरात निम्म्याहून जास्त पैसे हातात आले असतील आणि कारखाना किंवा दुकानदार यांपैकी एकजण पुढच्या हंगामासाठी लेखी द्यायला तयार असेल, तर फवारणीचं मॉडेल तुमच्यासाठी आहे. एकर होतायत पण वसुली नाही, तर दरवाजा बदला, ड्रोन अजून घेऊ नका. एकरच होत नाहीत आणि तुमच्या भागात बागाच जास्त, तर सर्व्हे किंवा दुरुस्तीकडं वळा.

पहिल्या हंगामानंतर दुसरा ड्रोन घ्यायचा विचार येतो. त्याआधी बॅटरी संच वाढवून आणि दुसरा मदतनीस लावून पहिल्याचे एकर किती वाढतात ते पाहा, बहुतेक वेळा पहिलंच यंत्र चार्जिंगची वाट बघत बांधावर बसलेलं असतं. दुसरा घ्यायचाच झाला तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या, म्हणजे बॅटरी, प्रोपेलर, नोझल एकमेकांना चालतात आणि एक ड्रोन पडला तरी त्या दिवशीचं शिवार पुरं होतं.